पाच फूट अकरा इंचांची लेक आणि अडीच लाखांची एफडी

नमस्कार मॅडम,

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मिस्टर अंबड एमआयडीसीत फिटर आहेत, मी घरून पोळी-भाजीचे डबे देते. मोठी मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावी दिली. उंची पाच फूट अकरा इंच. सहावीपासून बास्केटबॉल खेळते. गेल्या वर्षी शाळेच्या संघातून विभागापर्यंत गेली आणि तिथून राज्य स्पर्धेला तिची निवड झाली. आता म्हणते, मला प्रोफेशनल प्लेअरच व्हायचंय, अकरावीला आर्ट्स घेते म्हणजे प्रॅक्टिसला वेळ मिळेल. सासूबाई म्हणतात, आधीच एवढी ताडमाड, त्यात उन्हात रापलेली, कोण करून घेईल. मिस्टर म्हणतात, खेळून कोणाचं पोट भरलंय? एका स्पर्धेत भेटलेले गृहस्थ म्हणाले, अडीच लाख भरा, अमेरिकेत शिष्यवृत्ती मिळवून देतो. जन्मदाखल्यावर एक वर्ष कमी करून घ्या, असंही सुचवलं. एफडी मोडली तर तेवढे होतात. दोन महिन्यांपासून तिचा गुडघा वाटीच्या खाली दुखतोय. मला सांगत नाही, पण जिना उतरताना कठडा धरते ते मी बघते. मी तिची एकही मॅच पाहिलेली नाही, संध्याकाळी डब्यांची वेळ असते. काय करू?

— एक आई, सिडको

प्रिय ताई,

एफडी मोडू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण असे गृहस्थ नेहमी घाईत असतात. 'जागा दोनच उरल्यात, या आठवड्यात भरा' असा फोन आला असेल किंवा येईल. नम्रपणे नाही म्हणा आणि नंबर ब्लॉक करा.

अमेरिकेतली कॉलेजं खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात हे खरं आहे. पण ती कॉलेजचा कोच देतो, आणि खेळ बघून देतो. त्याला अख्ख्या मॅचचा व्हिडिओ लागतो, निवडक बास्केटांचा नाही, कारण बास्केट चुकल्यावर मुलगी परत धावत डिफेन्सला येते की नाही हे त्याला बघायचं असतं. तिथल्या वरच्या गटात खेळायचं तर नववी ते बारावीतले ठरावीक सोळा अभ्यासक्रम आणि त्यांतले मार्क तपासले जातात. इंग्रजी लागतं. कोचला ई-मेल करायला एक रुपया लागत नाही आणि हमी कुणीच देऊ शकत नाही. पैसे घेऊन हमी देणारा माणूस मधल्यामध्ये फक्त पैसे घेतो. तुमच्या लेकीला खरंच तिकडे जायचं असेल तर तयारी नववीच्या गुणपत्रिकेपासून सुरू झालेली आहे, आणि अकरावी-बारावी नीट करणं हाच त्या वाटेचा पुढचा टप्पा आहे.

जन्मदाखल्याचं तर मनातही आणू नका. वयोगटाच्या स्पर्धांत दाखले तपासले जातात, शंका आली तर हाडांचा एक्स-रे काढून वय पाहतात. आज चौदा-सोळाच्या गटात एक वर्ष जास्त खेळायला मिळेल, पण उद्या नोकरीच्या वेळी दहावीचं प्रमाणपत्र एक तारीख सांगेल आणि खेळाचं दुसरी. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याआधी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. त्या टेबलावर खोटी तारीख टिकत नाही, आणि मग मेहनतीने मिळवलेलं खरं प्रमाणपत्रही बाद होतं. असं झालेली मुलगी मी पाहिली आहे. तिचा खेळ खोटा नव्हता, फक्त तारीख खोटी होती.

आता गुडघा. तुमच्या पत्रातलं कठड्याचं वाक्य मी तीनदा वाचलं.

मी नाशिकचीच, पंचवटीत वाढलेली. आमचं सगळं खेळणं सिमेंटच्या कोर्टवर. डिसेंबरात पहाटे सहाला बॉल इतका गार असायचा की बोटांची टोकं बधिर व्हायची. आम्ही मुली बॉल स्वेटरच्या आत पोटाशी धरून कोर्टापर्यंत चालत जायचो. वॉर्मअप म्हणजे कोर्टाला दोन फेऱ्या. उडी मारायला सगळ्यांनी शिकवलं, उडीवरून खाली कसं यायचं ते कुणी शिकवलं नाही. तेविसाव्या वर्षी परगावच्या एका स्पर्धेत रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत उसळलेला बॉल, घेऊन खाली आले आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. टक् असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. बेंचवर स्प्रे मारला, पट्टी गुंडाळली आणि दहा मिनिटांनी मी परत आत. लिगामेंट तुटलं होतं, आणि त्या परत आत गेलेल्या खेळात गुडघ्यातली गादीही फाटली. ऑपरेशन, नऊ महिने घरी. परत खेळले, पण ती उडी परत आली नाही.

तुमच्या मुलीचं तसंच आहे असं मी म्हणत नाही. वाटीच्या खाली दुखणं, तेही जिना उतरताना, हे उड्यांच्या खेळात पुष्कळांना होतं. कडक जमिनीवर रोज शंभर उड्या आणि मांडीत पुरेशी ताकद नाही, म्हणून वाटीखालच्या शिरेवर ताण येतो. वाढीच्या वयात हाड झपाट्याने लांबतं आणि स्नायू मागे राहतात, तेव्हाही तिथेच दुखतं. बहुतेक वेळा विश्रांती आणि व्यायामाने बरं होतं. पण ते फोनवरून ठरवायचं नसतं. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, खेळाडूंचं काम करणारा फिजिओथेरपिस्ट बघा, आणि दोन-तीन आठवडे उड्या बंद म्हणाले तर बंद. त्या अडीच लाखांतले चार-पाच हजार इथे खर्च करा. लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी जास्त असतं, म्हणून मी एवढं खोलात सांगतेय.

एक गोष्ट तुम्ही घरी करू शकता. दुखणं थांबलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की तिला स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावरून दोन्ही पायांवर खाली उडी घ्यायला सांगा. तुम्ही समोर बसा. खाली येताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का ते बघा. झुकत असतील तर तिला उतरायला शिकवायचं राहिलंय. सरांना हेच सांगा, ते नाराज होणार नाहीत. चांगल्या कोचला आईने गुडघ्याबद्दल विचारलेलं आवडतं.

आता तुमच्या मिस्टरांचा प्रश्न, कारण तो रास्त आहे.

एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगचं, नाव घरात घेतलं जात असेल. मुलींसाठी तिकडची लीग वेगळी, डब्ल्यूएनबीए. २०२४ पर्यंत त्यात बारा संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त बारा खेळाडू. म्हणजे साऱ्या जगातून एकशे चव्वेचाळीस मुली. केरळची गीतू अॅना जोस, सहा फूट दोन इंच, ऑस्ट्रेलियात लीग खेळून आलेली, २०११ मध्ये तिकडच्या तीन संघांच्या ट्रायलला गेली होती. निवड झाली नाही. मुलांमध्ये पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने त्याला निवडलं; एनबीएच्या संघाने निवडलेला तो पहिला भारतीय. त्यालाही एनबीएची एकही मॅच खेळायला मिळाली नाही. पुढे तो डोपिंग चाचणीत अडकला आणि दोन वर्षांची बंदी आली. जिममधले कुणी पावडरचा डबा सुचवतील तेव्हा हे आठवा. उंची वाढवणारं किंवा ताकद देणारं काहीही डॉक्टरांशिवाय नको. तुमच्या हातची मटकीची उसळ, अंडी, नाचणीची भाकरी, शेंगदाण्याचा लाडू आणि दूध तिला पुरेसं आहे. फक्त हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, कारण पाळी सुरू झालेल्या खेळाडू मुलींचं ते बरेचदा कमी निघतं आणि आपण म्हणत राहतो की पोरगी आळशी झाली.

मग पोट कशाने भरतं? आपल्याकडे बास्केटबॉलचा पेशा म्हणजे नोकरी आणि खेळ एकत्र. पुरुषांसाठी २०१५ मध्ये एक खाजगी लीग सुरू झाली होती, २०१७ नंतर बंद पडली. पुढेही लीग आल्या आणि येतील, त्यांत खेळावं, पण त्यांच्या भरवशावर घर चालत नाही. घर चालतं रेल्वे, पोलिस, सेनादलं, बँका, ओएनजीसीसारख्या कंपन्या यांच्या पगारावर. मुलींमध्ये रेल्वे सगळ्यांच्या पुढे. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या महिला संघाने वर्षानुवर्षं वर्चस्व ठेवलंय. अनिता पॉलदुराई चेन्नईची, एकोणिसाव्या वर्षी भारताची कर्णधार झाली, २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ती रेल्वेची. वर सांगितलेली गीतूही रेल्वेची. सकाळी सराव, दुपारी ऑफिस, स्पर्धेच्या काळात खेळाडूंना सुटी, महिन्याच्या शेवटी पगार आणि पुढे निवृत्तीपर्यंत नोकरी. जवळचं उदाहरण हवं तर पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघातून खेळली आहे.

आणि मिस्टरांना आपल्या जिल्ह्यातलाच माणूस दाखवा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर जायचा. सैन्यात भरती झाला, आणि नौकानयनाचं वल्हं हातात आलं ते तिथे. २०१६ ला तो रिओ ऑलिंपिकमध्ये होता. आधी नोकरी, तिथून खेळ. आपल्याकडच्या बऱ्याच खेळाडूंचं आयुष्य असंच उभं राहिलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुम्ही तिला वाचून दाखवा. रेल्वेच्या खेळाडू भरतीत पगाराच्या सर्वांत खालच्या लेव्हलला दहावी चालते. त्यावरच्या लेव्हल दोन-तीनला बारावी लागते. चार-पाचला पदवी. खेळातल्या कामगिरीची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी, पण नुसत्या पदकाने वरची खुर्ची मिळत नाही. माझ्या संघात एक मैत्रीण होती, माझ्याहून कितीतरी सरस. डावीकडून लेअपला, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून बॉल टाकायला, निघाली की दोन जणी मागे पळूनही हात लागायचा नाही. बारावीनंतर तिने कॉलेज सोडलं, कारण 'खेळाडूला डिग्री कशाला' असं तिला सगळ्यांनी सांगितलं. मी बी.ए. केलं, तेही रडतखडत, एक विषय राहून परत देऊन. आज तिच्या घरी माझ्यापेक्षा जास्त पदकं आहेत आणि ऑफिसात ती माझ्याहून दोन पायऱ्या खाली आहे. मला त्याचं अजून वाईट वाटतं. तिच्यावर खेळाने अन्याय केला नाही, तिला सल्ला देणाऱ्यांनी केला.

म्हणून आर्ट्सबद्दल माझं मत असं. आर्ट्स घेऊ द्या, पण ती आवडीने घेत असेल तर. 'सोपं आहे' म्हणून घेत असेल तर तिथेही वर्गात बसणार नाही. सायन्स घेतलं आणि क्लास लावले की दुपारी चार ते आठ क्लास, आणि नाशिकला सरावाची वेळही तीच. दोन्ही ओढताना दोन्ही तुटतं, हे मी दरवर्षी बघते. कॉमर्सही वाईट नाही. हो, तिला पुढे फिजिओथेरपीसारखं काही करावंसं वाटत असेल तर मात्र सायन्सचा विचार करावा लागेल, आणि मग सराव पहाटेचा. फॉर्म भरण्याआधी तुम्ही दोघी त्या कॉलेजात जा आणि कोर्ट बघा. बोर्डाला रिंग आहे का, रिंगला जाळी आहे का, क्रीडा शिक्षक कोण, मुलींचा संघ गेल्या वर्षी खरंच उतरला होता का, हे शिपाईमामाही सांगतील. पुढे पदवीला गेल्यावर पुणे विद्यापीठाच्या झोनल, इंटर-झोनल आणि तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धा हा मोठा रस्ता आहे. नोकरी देणाऱ्यांच्या नजरेत मुली बरेचदा तिथेच येतात.

दरम्यान जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, एकोणीस वर्षांखालचा गट, हा दोन वर्षं हातात आहे. शिवाय बास्केटबॉल संघटनेच्या अठराखालच्या राज्य निवड चाचण्या. केंद्र सरकारच्या 'खेलो इंडिया' योजनेत निवड झाली तर महिन्याला दहा हजार रुपये हातखर्च मिळतो, सरांकडे चौकशी करा. एक जाड फाइल आणा आणि पहिल्या स्पर्धेपासूनची सगळी प्रमाणपत्रं त्यात लावा, फोटोकॉपी वेगळी ठेवा. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, हे प्रमाणपत्र घेतानाच विचारा. कुणीतरी गावात भरवलेल्या 'ऑल इंडिया' स्पर्धेचं चकचकीत प्रमाणपत्र भरतीत चालत नाही.

आता थोडं तिच्या खेळाबद्दल, मी तो पाहिला नसला तरी. पाच-अकरा म्हणजे नाशिकच्या शालेय संघात ती सगळ्यात उंच असणार. म्हणजे तिला रिंगखाली उभं करत असणार, बॉल वरून टाकतात, ती हात वर करते, बास्केट. जिल्ह्यात तेवढ्यावर मॅच जिंकता येते, आणि कोणालाच दोष देता येत नाही, जिंकायचं असतंच. पण राष्ट्रीय स्पर्धेत रिंगखाली सहा-एक, सहा-दोनच्या मुली असतात. तिथे ती उंच राहत नाही, मधली होते. आणि मधल्या उंचीच्या मुलीला ड्रिबल करून बॉल पुढे नेता आला पाहिजे, बाहेरून शॉट मारता आला पाहिजे. तीन गुणांची रेषा रिंगपासून पावणेसात मीटरवर असते. तिथून बॉल रिंगपर्यंत पोचवायला पाय, पाठ आणि मनगट तिन्ही लागतात. राज्य स्पर्धेत गाजलेल्या कितीतरी उंच मुली नॅशनल कॅम्पमधून परत येतात, ते याच कारणाने. त्यांना उंच म्हणून निवडलं जातं आणि उंचीशिवाय काही शिकवलेलं नसतं.

तिला विचारा, डाव्या हाताने लेअप येतो का? खरं सांगायला सांगा. येत नसेल तर पुढचे सहा महिने रोज पन्नास, डाव्या हाताने, जवळून. फार उड्यांचं काम नाही, त्यामुळे गुडघा बरा होत आला की हळूहळू सुरू करता येईल. आणि ज्या आठवड्यांत उड्या बंद असतील त्या आठवड्यांत खुर्चीवर बसून डाव्या हाताने ड्रिबल. गच्चीवर करू द्या. खालचे शेजारी बोलतील, त्यांना एक दिवस तुमच्या हातची पुरणपोळी द्या.

सासूबाईंच्या बोलण्यावर मला तुमच्याशी वाद घालायचा नाही, तुम्ही ते पत्रात लिहिलंत यातच तुम्हाला ते टोचतंय हे कळलं. माझी आजीही हेच म्हणायची. एवढंच करा, ते मुलीच्या समोर बोललं जाऊ देऊ नका. बास्केटबॉल हा जगातल्या थोड्या जागांपैकी एक आहे जिथे उंच मुलगी खांदे पाडून, वाकून चालत नाही. कोर्टवर ती जशी ताठ चालते तशी घरातही चालू दे. लग्नाचं लग्नाच्या वेळी बघू; पगार स्वतःचा असलेल्या मुलीला नकार देणाऱ्यांचा विचार आजपासून कशाला?

मिस्टरांना मात्र समोर बसवून बोला, आणि 'मुलीला खेळू द्या' असं म्हणू नका. असं म्हणा की दोन वर्षं देऊ, बारावीपर्यंत. बारावीच्या परीक्षेत क्रीडा गुणांचीही सवलत मिळते, पण त्या भरवशावर अभ्यास सोडायचा नाही. या दोन वर्षांत राज्य संघात नाव आलं, राष्ट्रीय स्पर्धा खेळली, तर पुढची तीन वर्षं पदवी आणि खेळ. नाही आलं तरी ती बारावी पास असेल, अंगात ताकद असेल, आणि खेळाच्या आसपास कोचिंग, पंचांच्या परीक्षा, पदवीनंतर बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम, अशा वाटा उघड्या असतील. फिटर माणसाला माप आणि मुदत समजते. त्यांना 'स्वप्न' सांगितलंत तर चिडतील, मुदत सांगितलीत तर ऐकतील असं मला वाटतं. एफडी जिथे आहे तिथेच राहू दे. पदवीच्या वेळी किंवा, देव न करो, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी ती कामाला येईल.

शेवटची गोष्ट. तुम्ही तिची एकही मॅच पाहिलेली नाही. मला माहीत आहे, डबे सात वाजता जायला हवेत, एक दिवस चुकला तर गिऱ्हाईक तुटतं. तरी पावसाळ्यानंतर शालेय स्पर्धा सुरू होतील तेव्हा एका दिवसाचे डबे जावेवर किंवा शेजारणीवर सोपवा आणि जा. तिला आधी सांगू नका. बेंचच्या मागे बसा. बास्केट मोजू नका, ते बाकीचे मोजतात. तिने किती वेळा डाव्या हाताने बॉल पुढे नेला, आणि उडीवरून खाली येताना तिचे गुडघे कसे होते, एवढंच बघा. आणि मला पत्र लिहून कळवा. मी वाट बघते.